ठाण्यात वाढत गेलेला मुद्देमाल

एका निरपराध ओव्हरसियरला मी बेडी घालून भर बाजारातून ठाण्यापर्यंत चालवत नेले होते. ही चूक माझीच होती, आणि ती आधीच लिहून टाकतो. नोकरीत पकडलेले कित्येक चोर आता आठवत नाहीत. त्या दिवशीचा त्याचा चेहरा मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

संस्थाने विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. सांगलीकडच्या भागाला तेव्हा दक्षिण सातारा म्हणत. तासगाव आणि कऱ्हाड यांच्यामधल्या एका लहान नगरपालिकेच्या गावी मी फौजदार म्हणून हजर झालो. त्याच सुमारास तिथे नवा कायदा लागू झाला होता. परवान्याशिवाय कुणी घर बांधायचे नाही. तोपर्यंत भिंत कुठवर न्यायची ते शेजाऱ्याशी भांडूनच ठरत असे.

या कामासाठी नगरपालिकेत बांधकाम खाते निघाले. खाते म्हणजे बांधकामांवर देखरेख करणारा एक ओव्हरसियर, मोजणीची साखळी आणि जिन्याखालची जागा. कायद्याने काम लावून दिले, पैसा दिला नाही. परवान्याची फी वरून मंजूर व्हायची होती. नगरपालिकेने जकात नाक्यामागची जमीन दिली आणि बजावले, की मार्चअखेर खात्याची खोली उभी राहिली नाही तर पद बंद. हे सगळे मला नंतर कळले. आधी विचारले असते, तर आधी कळले असते.

एका दुपारी लाकडाच्या वखारीचा मालक ठाण्यात आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "सायेब, तुमच्या गावात एक मानूस दगड खातोय."

"दगड?"

"त्यो नवा ओव्हरसियर. परवाना पायजे तर एक गाडी दगड टाक म्हनतोय. नाक्यामागं ढीग बघा की. सोताचं घर बांधनार आसंल."

मी लगेच छापा घातला. ढीग खरोखरच होता. पंचनामा केला. वखारवाल्याने सांगितलेल्या चार जणांचे जबाब घेतले. चौघांनी परवाने मागितले होते आणि चौघांनी दगड दिले होते. "आमच्या खुशीनं दिलं," असे चौघेही म्हणाले. घाबरून बोलत असतील असे मी धरून चाललो. ठाण्यातला जुना हवालदार म्हणाला, "सायेब, जरा गावात इचारू या का?" मी त्याला गप्प केले. नवा होतो, पहिला मोठा गुन्हा हाती लागला होता. ओव्हरसियरला बेडी घातली आणि बाजाराच्या दिवशी, गर्दीतून, ठाण्यात आणले. दगडही मुद्देमाल म्हणून गाड्यांत भरून ठाण्याच्या अंगणात टाकायला लावले.

तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असावा. जबाब घेताना शांत बसून होता.

"दगड कुणी दिले?"

"गावानं."

"कशासाठी?"

"खात्याला खोली पाहिजे आणि पैसा नाही. लोक म्हणाले, इर्जिक घालू."

इर्जिक मला ऐकून ठाऊक होती. एखाद्याची नांगरट मागे पडली की शेजारीपाजारी आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या रानात जातात, दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवून घरी जातात. पण मी पुण्यात वाढलेलो. माझ्या लेखी कुणी कुणाला फुकट काही देत नसे.

"इर्जिक शेताची असते," मी म्हणालो. "सरकारी खात्याची कधी ऐकलीय?"

"नाही ऐकली. पण खातं तरी यापूर्वी कुठं होतं?"

मला तो उद्धटपणा वाटला. त्याला कोठडीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशन डायरी लिहीत होतो. बाहेर बैलगाड्यांचा खडखडाट झाला आणि धडाधड दगड पडल्याचा आवाज आला. दंगल झाली असे समजून मी टोपी घालत बाहेर धावलो. अंगणात तीन गाड्या उलट्या केलेल्या. मागून ओढ्याकडच्या गल्लीतली माणसे रांगेने येत होती. एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दगड होता. तिने तो मुद्देमालाच्या ढिगावर टाकला आणि पदराने तोंड पुसले.

"आवं फौजदार, खोली हितं बांधायची ठरली म्हना की!"

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? काल तुमच्याच शिपायांनी सगळं दगड हितं आनलं. आमी म्हटलं, जागा बदलली आसंल. तेवढं नाक्याजवळ बरं हुतं. हितं यायला मानूस भितंय."

गाडीवान हवालदाराला म्हणाला, "गड्या, मधीच बसकण मारू नगंस. उचलू लाग की!"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. "सायेब, ह्यो दगड मुद्देमालात धरायचा का?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. मी बाईला विचारले, "तुम्ही परवाना मागितलाय का?"

"मला कशाला परवाना? माझं छप्पर हाय त्ये बरं हाय."

"मग दगड का देता?"

"त्यो मानूस गेला की वखारवाला वढ्यात भित घालतोय. मग पानी जानार कुठं? माझ्या चुलीतच की. ह्यानं त्याची भित अडवली म्हून आमी ऱ्हायलोय. त्याला खोली नगं व्हय?"

मी गाडीवानांना विचारले, मागे उभ्या असलेल्यांना विचारले. निम्म्याहून अधिक लोकांनी परवाना मागितलेलाच नव्हता. लाच द्यायला त्यांचे काही अडलेच नव्हते. मी फक्त तक्रारदाराने दाखवलेली माणसे तपासली होती. नव्या पोलिसाकडूनही होऊ नये अशी ही चूक.

तसाच ओढ्यावर गेलो. वखारीमागे पात्रात अर्ध्यापर्यंत पाया खणलेला होता. वखारवाल्याला ठाण्यात बोलावले.

"तुम्ही किती दगड दिलेत?"

"मी कशाला दीन?"

"परवाना मागितला होतात ना?"

"मागितला हुता."

"मग तुमच्याकडं त्यानं दगड मागितला नाही?"

 टोपी फिरवत तो म्हणाला, "न्हाई मागितला. परवान्याला नुसतं न्हाई म्हनला. लय इनवलं, तरी न्हाईच. मला वाटलं, चौकशी लागली म्हंजे त्याचं पद जाईल."

ओव्हरसियरला मी त्याच दुपारी सोडले. वर अहवाल पाठवला, 'गुन्हा घडलेला नाही.' बेडी काढल्यावर तो मनगट चोळत म्हणाला, "साहेब, एक विनंती आहे. ज्या रस्त्यानं आणलंत, त्याच रस्त्यानं माझ्याबरोबर नाक्यापर्यंत चला."

"पोलीस खात्यात तशी पद्धत नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि एकटाच गेला.

इर्जिक झाली. दगड पुन्हा नाक्यामागे नेले. गवंडी, वडार, तालमीतली पोरे, नगरपालिकेचे दोन सभासद, सगळे राबले. माझा हवालदार रजा काढून गेला. संध्याकाळी मटणाचा वास ठाण्यापर्यंत येत होता. मला बोलावणे आले होते. काम आहे असे कळवून मी गेलो नाही. मार्च संपायच्या आत खोली उभी राहिली, पुढे फी मंजूर झाली, खात्याला कारकून मिळाला. ओढा मोकळा राहिला. माझी बदली साताऱ्याला झाली.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. तक्रारदाराने दिलेल्या साक्षीदारांआधी, त्याने न दिलेले साक्षीदार मी शोधत असे. त्यामुळे पुढे काही माणसे बेडीतून वाचली. पण एकाचे देणे राहिलेच होते.

निवृत्त झाल्यावर मी एसटीने त्या गावी गेलो. त्या खोलीला आता दोन खोल्या जोडल्या होत्या. बाहेर नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन माणसे बसली होती. तो आत होता. केस पांढरे झालेले. त्याने मला लगेच ओळखले.

"परवाना काढायला आलात?"

"नाही. ठाण्यापासून इथवर चालायचं राहिलं होतं. येता का?"

त्याने हातातला नकाशा गुंडाळून ठेवला. मग खुंटीवरची टोपी घेतली.

आम्ही ठाण्याकडे गेलो आणि तिथून परत निघालो. बाजाराचाच दिवस होता. चौकात एका म्हाताऱ्या पानवाल्याने आम्हाला दोघांना ओळखले आणि ओरडला, "काय वं फौजदार, पुन्यांदा धरला व्हय ह्यास्नी?"

माणसे वळून पाहू लागली. मी थांबलो.

"नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो. "त्या वेळीच चुकीनं धरलं होतं. यांनी कुणाचं काही खाल्लं नव्हतं. मी चौकशी न करता यांना याच रस्त्यानं बेडीत नेलं." मग त्याच्याकडे वळून हात जोडले. "मला माफ करा. हे मी त्याच दिवशी, इथंच म्हणायला हवं होतं."