तुळशीबाहेरचा ठिपका

मेथीची जुडी पुढे करणाऱ्या म्हातारीच्या हातावर हिरवं गोंदण दिसलं. तुळशीवृंदावन, आणि बाजूला एकच सुटा ठिपका. माझ्या आईच्या हातावर अगदी तसंच होतं. “सुई घसरली असेल,” असं आई म्हणायची.

“मावशी, हा ठिपका चुकून पडला का?”

“चुकून कशाला? आमच्या गोंदणारणीची लेक गोंदायच्या आधीच गेली. गोंदण तेवढं माणसासंगं वर जातं, ती पोर कोरीच गेली. मग दर पोरीच्या हातावर ती गोंदणारीण आपल्या लेकीसाठी एक ठिपका टोचायची. वर गेल्यावर द्यायचा तिला.”

म्हणजे वर कुठेतरी एक मुलगी, ठिपका ठिपका जमवत, आपली तुळस पुरी करत बसली आहे. आईचा ठिपका तिला मिळाला असेल.

म्हातारीनं पदरानं हात पुसला.

“समद्या पोचल्या,” ती म्हणाली. “माझाच तेवढा राहिलाय.”