पाठीवरचा भोवरा

आबा बैलाच्या शेपटीचा गोंडा मुठीत धरायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "हात लावाबिगर बैल बोलत नही." बैल त्यांच्याशी काय बोलायचा ते बैलालाच ठाऊक. साक्रीचा अख्खा बाजार मात्र कान देऊन ऐकायचा.

असा एक जाणकार तुमच्याही गावात असेल. आमचे आबा समोरच्या घरात राहायचे. बैलाचे दात, खूर ते वरवर पाहायचे. खरा जीव भोवऱ्यावर. कपाळावर केसांचा भोवरा असला की घरात बरकत, वशिंडामागे असला की तो धन्याला खातो. त्यांची स्वतःची म्हैस दोन वर्षं भाकड होती, पण तिचे सगळे भोवरे शुभ होते.

शेजारच्या अक्कांचा नवरा गेला. त्यांनी शेत बटाईनं दिलं आणि घरचा पांढरा बैल विकायला काढला. वासरापासून वाढवलेला, देखणा बैल. आबांच्या बैलाला जोडीदार हवाच होता. पहिलं गिऱ्हाईक अंगणात आलं तसे आबाही आले. त्यांनी वशिंडामागचे केस उलटे फिरवले आणि हळहळले. "यानी पाठवर भोवरा शे. धनीले खास."

जमलेल्यांनी वाकून पाहिलं. सगळ्यांना भोवरा दिसला. एकाला तर दोन दिसले.

त्यानंतर अक्कांच्या दारात गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी आबांनीच उपकार केल्यासारखा तो बैल मातीमोल भावानं नेला. आणि भोवऱ्याचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "मन्ही राशीले चालस."

मग पाऊस दडी मारून बसला. चारा संपला. आबांनी जुना बैल विकला, पण पांढऱ्याला कोणी हात लावेना. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. आबा बाजारभर सांगत फिरले की तो भोवरा नव्हे, नुसते वळलेले केस आहेत. लोक हात जोडायचे. "आबा, तुम्हीच सांगेल शे ना? तुमना शब्द आम्ही कसा मोडसूत?"

इतका मान त्यांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता. बैल दारात उपाशी मरणार हे आता साऱ्या गल्लीला दिसत होतं, आणि आबांनाही. तेव्हा पहिल्यांदा मला त्यांची कीव आली.

अक्कांचा गोठा रिकामा होता, त्यामुळे वाट्याला आलेला कडबा तसाच रचलेला होता. एका सकाळी त्या आबांच्या दारात आल्या. म्हणाल्या, "मन्हा धनी पहिलेच मरी गया. तो भोवरा मन्हं आते काय खाई? बांधी द्या मन्हा दारमा."

आबांनी दावं सोडून त्यांच्या हातात दिलं. बैल वाचला. पुढं पावसाळा आला, तसे आबा रोज सकाळी बांधावरच्या हिरव्या गवताची पेंढी घेऊन अक्कांच्या कुंपणाशी यायचे. आत कधी आले नाहीत. पेंढी आत टाकायची आणि चालू लागायचं.

दोन वर्षांनी साध्या तापात आबा गेले. तेराव्याला पंगतीत वाद रंगला. भोवऱ्यानं धनी खाल्ला हे नक्की, पण बैल तर अक्कांचा. मग आबा कसे गेले? एका शहाण्यानं निकाल दिला, दाम ज्यानं मोजले तोच धनी. सगळ्यांचं समाधान झालं आणि बुंदी पुन्हा वाढली गेली. बैल गावाबाहेर घालवा, असा निरोप अक्कांना द्यायचं काम माझ्याकडं आलं.

अक्का बैलाला खरारा करत होत्या. निरोप ऐकून त्यांनी माझा हात धरून वशिंडामागं ठेवला. "देख ना भाऊ. शे का काही?"

मी केस सुलटे फिरवले, उलटे फिरवले. पाठ सपाट होती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"बाईनं कोन आयकस?" त्या पुन्हा खरारा करू लागल्या.

"आबांना माहीत होतं?"

"नही तर रोज गवत कसाले लई येतात?"

बैल कुंपणाकडे तोंड करून उभा होता. अक्का म्हणाल्या, "बारा दिन व्हयनात, सकायले आसाच उभा ऱ्हास. आते याले कोन सांगी?"