तो जिना मी काढला

"आप पीछे से आइए, बहनजी."

सेठजींच्या मुनीमजींनी लिफ्टच्या जाळीवर आडवा हात ठेवला होता. आवाज हळू, चेहऱ्यावर हसू. आत आमच्या ऑफिसातले सगळे उभे. साहेब, दोघे ड्राफ्ट्समन, हेड ड्राफ्ट्समन काका, अगदी म्हातारा शिपाईसुद्धा. बाहेर मी एकटी. अंगावर आईची ठेवणीतली जांभळी साडी.

मला वाटलं, लिफ्ट भरली. मी म्हटलं, "दूसरी बार में आ जाऊँगी."

"नहीं, नहीं. पीछे जीना है ना. आपको तो मालूम ही है."

जाळी सरकली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. काकांनी बुटांकडे पाहिलं. लिफ्ट वर गेली.

मालूम होतंच. तो जिना मीच काढला होता.

साल चौसष्ट असेल. जयपूरच्या परकोटाबाहेर, म्हणजे जुन्या तटाबाहेर, नव्या वसाहतीत सेठजींनी सात मजली इमारत उभी केली. एका मजल्यावर एकच फ्लॅट. तोवर आमच्याकडे उंच म्हणजे किल्ले आणि राजवाडे. लोक टांगे थांबवून माना वर करून बघत. मला ती इमारत कधी चांगली वाटली नाही. दुपार कलली की तिची सावली मागच्या कच्च्या बस्तीवर पडायची आणि अंधार होईपर्यंत हलायची नाही. त्या वेळेला बस्तीतल्या बायका वाळत घातलेल्या मिरच्या उचलून पलीकडे न्यायच्या. मी सायकलवरून जाताना ते रोज बघायची.

माझे वडील, आबा, सैन्यात हवालदार. मूळचे साताऱ्याकडचे, महार. शेवटची बदली जयपूरच्या छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथंच, छावणीजवळ राहिलो. घरातले देव आबांनी केव्हाच पाण्यात सोडले होते. मला म्हणायचे, "पोरी, तुझ्या हातात झाडू येणार नाही एवढं शीक." शिकले. साहेबांच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. साहेब आर्किटेक्ट. ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि काळ्या शाईनं सगळं गिरवायचं, हे माझं काम. माझी रेघ कधी फुगायची नाही. डाग नाही, थरथर नाही. मला त्याचा माज होता. खोटं कशाला सांगू?

ह्या इमारतीचा नकाशा मीच गिरवला. मागच्या बाजूला गोल लोखंडी जिना, झाडूवाल्यांसाठी. बाहेरून वर यायचं, प्रत्येक मजल्यावर बाथरूमचं मागचं दार वाजवायचं, साफ करून तसंच खाली जायचं. घरातून पाऊल टाकायचं नाही. साहेबांच्या मूळ नकाशात ते दार आत उघडत होतं. मग सेठजी आले. त्यांनी मुंबईहून बाथटब मागवले होते, चांगले लांबरुंद. दार आत उघडलं तर टब बसत नव्हता. साहेबांनी पेन्सिलीनं दार फिरवलं. आता ते बाहेर, जिन्यावर उघडणार. दारापुढं पाय ठेवायला एक छोटा जाळीचा लोखंडी पत्रा. तो मोठा केला तर रस्त्यावरून दिसतो, म्हणून सेठजींनी मोठा करू दिला नाही.

मी ब्लेड घेतलं. वाळलेली शाई अलगद खरवडली. कंपासनं दाराचं पाव वर्तुळ दुसऱ्या बाजूला काढलं. ते सगळ्या पत्र्यावरून फिरत होतं. दार उघडताना तिथं उभं असलेलं माणूस कुठं जाईल? हे मला दिसलं होतं. क्षणभर दिसलं. मग काका मागून म्हणाले, "वा! खाडाखोड कळतसुद्धा नाही गं." मी खूश झाले. नकाशाखाली मीच लिहिलं होतं, पहिला ते सातवा मजला, सर्व सारखे. एकदा खरवडलं आणि सात दारं फिरली.

त्या दिवशी सातव्या मजल्यावर सेठजींच्या स्वतःच्या फ्लॅटची पूजा होती. खालचे फ्लॅट चार महिन्यांपूर्वीच भरले होते. ऑफिसला आमंत्रण होतं. परत घरी जावं असं मनात आलं. पण आबांनी विचारलं असतं, कशी झाली पूजा? काय सांगणार होते मी त्यांना?

मी मागे गेले.

जिना तापलेला. कठडा मांडीएवढा उंच. पायरी अशी अरुंद, की पाऊल तिरकं टाकावं लागे. नकाशात मी ह्या पायऱ्या किती सुरेख काढल्या होत्या, पंख्याच्या पात्यांसारख्या. दुसऱ्या मजल्यावर साडी पायात आली. तिसऱ्यावर खाली पाहिलं आणि डोकं गरगरलं. वाऱ्यानं रेती डोळ्यांत जात होती, आणि कठडा सोडून डोळे पुसायची हिंमत नव्हती.

चौथ्या मजल्यावर एक बाई खाली येत होती. एका हातात बादली, काखेत झाडू. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत ताजा व्रण. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नवीन कामाला लागलेली समजली असावी. माझ्या दंडाला धरून तिनं मला भिंतीकडे ओढलं आणि तेवढ्यात पत्र्यावरचं दार धाडकन उघडलं. कोणीतरी आतून मळकं पाणी भिरकावलं. दार बंद झालं.

"कुंडी बोले तो भींत सूं चिपक जाज्यो," ती म्हणाली.

कडीचा आवाज ऐकू आला की भिंतीला चिकटायचं. चार महिन्यांत त्या बायकांनी शोधून काढलेली युक्ती. मी तिच्या कपाळाकडे बघत राहिले. तिनं झाडूनं वरचा मजला दाखवला. पाचव्याचं दार. तिचं नाव भूरी. तिच्या आधी हे काम तिची धाकटी जाऊ करायची, सरजू. दिवाळीच्या सुमाराला तिसऱ्या मजल्याच्या दारानं तिला कठड्यावरून उडवलं. तेव्हापासून ती खाटेवर आहे, कमरेखालचं काही हलत नाही. फ्लॅटवाले म्हणाले, देखके नहीं चलती.

मग भूरी अगदी साधेपणानं बोलली. तिला राग माझ्यावर काढायचा नव्हता. मी कोण, तिला काय ठाऊक?

"जीं यो जीनो बणायो, ऊ कदे ईं पै चढ्यो कोनै."

ज्यानं हा जिना बनवला, तो कधी ह्याच्यावर चढलेला नाही.  आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. लिफ्टपाशी झालेला अपमान होताच. पण तो दुसऱ्यानं केला होता.

मी वर गेले. का गेले, सांगता येत नाही. सातव्या मजल्यावर कडी वाजली आणि मी भिंतीला चिकटले. दार माझ्या नाकापुढून फिरलं, नेमकं त्याच पाव वर्तुळात. आत शेठाणी. तिच्या मागे तो टब, काठोकाठ पाण्यानं भरलेला. पाण्यात पूजेचे हार ताजे राहावेत म्हणून ठेवलेले.

"बस, वहीं ठहरो," ती म्हणाली. "प्रसाद भेजती हूँ."

कोणीतरी लाडू आणला. माझ्या हातावर वरून सोडायला बोटं पुढं आली. मी हात मागे घेतला. लाडू पत्र्यावर पडला, फुटला, जाळीतून खाली गेला. शेठाणीनं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांसमोर उभी राहिले. ऑफिसात मराठी बोलायला मला काका एवढेच. संक्रांतीला तिळगूळ द्यायचे. मी विचारलं, "काका, मुनीमजींना कळलं कसं?"

कारण जयपुरात माझ्या आडनावावरून कोणाला काही कळत नाही. इथल्या शेठाला सगळे मराठी सारखेच. माझं आडनाव वाचायला मराठी माणूसच लागतो. पहिल्याच आठवड्यात काकांनी विचारलं होतं, गाव कोणतं, गावात कोणत्या आळीला. मी सरळ सांगितलं होतं. लपवायचं नाही, ही आबांची शिकवण.

"पूजा होती गं," काका म्हणाले. "त्यांनी विचारलं, ही मुलगी कोणात मोडते. मी खोटं कसं बोलू? तू मनाला लावून घेऊ नकोस."

आणि त्यांनी नवा नकाशा माझ्यापुढं सरकवला. सेठजींची दुसरी इमारत. आठ मजले. "मागचा जिना तसाच," ते म्हणाले.

मी कापड ताणलं. सगळं गिरवलं. दिवाणखाना, लिफ्ट, समोरचा संगमरवरी जिना, टब. मागच्या जिन्याची जागा कोरी ठेवली. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं.

"ये क्या छोड़ दिया?"

"दरवाज़ा अंदर खुलेगा तो बनाऊँगी. नहीं तो नहीं."

"वहाँ से जाता कौन है?"

"मैं गई थी."

साहेबांनी कापडाची गुंडाळी केली. माणूस वाईट नव्हता, असं लोक म्हणतात. "कल से आने की ज़रूरत नहीं," ते म्हणाले. मी पेन पुसलं, डबीत ठेवलं. बाहेर पडताना पाहिलं, ते कापड काकांच्या फळीवर गेलं होतं. काका खाली वाकून पाव वर्तुळ काढत होते.

म्हणजे माझ्या नकारानं काही अडलं नाही. आठ दारं बाहेरच उघडणार होती. सायकलवर बसले. राग होता, आणि भीतीही. आबांना नोकरी गेल्याचं सांगायचं होतं. पण मी छावणीकडे वळले नाही. मी बस्तीत गेले.

भूरीचं घर सापडलं. सरजू खाटेवर होती. माझ्याच वयाची निघाली. मी उभ्या उभ्या सांगितलं, "वो जीना मैंने बनाया था. काग़ज़ पर. दरवाज़ा मैंने उल्टा किया था."

भूरीच्या हातातली परात तशीच राहिली. सरजूनं माझ्याकडे मान वळवली.

"फेर अठै क्यूँ आई?" मग इथं कशाला आलीस?

मी पिशवीतून कागद, पट्टी, पेन काढलं. जमिनीवर बसले. विचारलं, "दरवाज़ा खुला तब पाँव कहाँ था?"  सरजूनं हातानं दाखवलं. डावा पाय पत्र्यावर, उजवा खालच्या पायरीवर, बादली ह्या हातात. मी तो पत्रा काढला, तेवढाच. दार काढलं. कठडा काढला, मांडीएवढा. तिचे दोन्ही पाय त्यांच्या जागी काढले. भूरी म्हणाली, आमची नावं नको, काम जाईल. मी त्यांची नावं लिहिली नाहीत. खाली माझं नाव लिहिलं, आबांचं लिहिलं, आडनाव मोठ्या अक्षरात. हा जिना मी काढला आहे. ह्या दारानं माणूस पडतं, हे मला काढतानाच दिसलं होतं. पहिला ते सातवा मजला, सर्व सारखे. असाच दुसरा आता काढला जातो आहे.

हा कागद नकाशे मंजूर करणाऱ्या कचेरीत द्यायचा, असं मी त्यांना सांगितलं. सरजू हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"वै पाछो फेर देला," ती म्हणाली. ते परत पाठवतील. "कतरी बार जावोला?"

"जितनी बार लौटाएँगे, उतनी बार."

सकाळी दहाला कचेरीचं दार उघडतं. मी साडेनऊला जाऊन उभी राहिले.