बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या

तिसरीच्या बाईंचा जीव शनिवारच्या शेवटच्या तासात होता. वेळापत्रकात त्या तासाला नाव नव्हतं, पण मुलं त्याला सांगायचा तास म्हणायची. एकेकाने टेबलापाशी यायचं आणि आठवडाभर शाळेत काय केलं, काय जमलं, काय फसलं, कुणाशी कट्टी झाली ते सगळ्यांना सांगायचं. बाई प्रत्येकाचं एक वाक्य मोठ्या कागदावर लिहून घ्यायच्या, त्याखाली ते मूल वेडीवाकडी सही ठोकायचं आणि कागद भिंतीवर लागायचा. एकोणतीस वर्षं हा तास चालला होता. सुरुवातीच्या मुलांना आता मुलं झाली होती, आणि तीही बाईंकडेच यायची.

बाईंचे कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी दाराची घंटा गेली, मग गजर गेला, मग बारीक आवाजाची मुलं गेली. नवरा घड्याळदुरुस्तीवाला. सगळा जन्म टिकटिक ऐकण्यात घालवलेला माणूस. तो म्हणायचा, "तुला काही सांगायचं म्हणजे आधी शेजाऱ्यांना कळतं, मग तुला." हसत हसतच तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं आणि बजावलं, सवय व्हायला तीन-चार महिने लागतील, काढून ठेवू नका.

बाईंनी ते यंत्र वर्गात एक दिवस लावलं. बाकं सरकली, कंपासपेट्या वाजल्या, पंखा घरघरला, आणि सगळं एकदम डोक्यात घुसलं. समोरच्या मुलाचे शब्द मात्र होते तसेच, भिजलेल्या कागदावरच्या शाईसारखे पसरट. घरी येऊन यंत्र कपाटाच्या खणात गेलं ते गेलंच. शिवाय भीती होती. चित्रकलेच्या बाईंना दिसेनासं झालं हे मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, कळलं, तेव्हा पंधरवड्यात त्यांचा वर्ग काढून त्यांना कार्यालयात बसवलं होतं. त्यानंतर कुणी त्यांना चित्र दाखवायला गेलं नाही. आपलंही तसंच होणार, असं तिसरीच्या बाईंना वाटायचं.

मग त्या वेळ मारून नेऊ लागल्या. बोलणाऱ्याला उजेडात उभं करायचं, ओठांवर नजर ठेवायची, "मोठ्यांदा, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे" म्हणायचं. एकदा एक मुलगा म्हणाला, मला रंगीत खडू मिळाला. बाईंनी लिहिलं, मला रंगीत झाडू मिळाला. वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. बाई गंमत करतात, असं मुलांनी ठरवून टाकलं आणि बाईंनी ते ठरू दिलं. आणि काहीच हाती लागलं नाही, की एक हुकमी वाक्य होतं. "वा, छान. टाळ्या वाजवा."

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे पुटपुटी म्हणायचे. वर्ष निम्मं सरलं तरी ती सांगायच्या तासाला उठली नव्हती. बाईंनी कधी बळजबरी केली नाही. त्या शनिवारी मात्र, कुणी नाव न घेता, ती आपणहून उठली. टेबलापाशी आली. हनुवटी छातीला टेकवून, फ्रॉकच्या कडेला पीळ घालत बोलायला लागली. बाईंना तिचा भांग तेवढा दिसत होता. ओठ दिसतच नव्हते. ती बरंच बोलली. वर्ग गप्प होता. बाईंना वाटलं, पोरीने धीर केला म्हणून सगळे कौतुकाने ऐकताहेत.

ती थांबली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"वा, किती छान सांगितलंस. टाळ्या वाजवा रे सगळे."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पण बाईंनी सांगितलं होतं, म्हणून वाजवल्या. पुटपुटी जागेवर जाऊन बसली. कागदावर बाईंनी लिहिलं, मी आज पहिल्यांदा बोलले. सही करायला ती आली नाही.

सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. बाईंना चैन पडेना. टाळ्यांआधीची ती शांतता त्यांना आता टोचायला लागली होती. ती काय म्हणाली, हे मुलांना सरळ विचारावं तर आपलं बिंग फुटणार. शेवटी त्यांनी युक्ती काढली. गुरुवारी फळ्यावर लिहिलं, शनिवारी मित्रमैत्रिणींनी जे सांगितलं त्यातलं आठवेल ते लिहा.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्या वह्या घेऊन बसल्या. कुणी मातीच्या तराजूबद्दल लिहिलं होतं, कुणी पळण्याच्या शर्यतीत सुटलेल्या बुटाबद्दल. पुटपुटीच्या बाकावरच्या शेजारणीने मात्र पानभर लिहिलं होतं.

"ती म्हणाली, सातवीच्या मुली मला मधल्या सुट्टीत शेवटच्या संडासात कोंडतात आणि बाहेरून कडी लावतात. मी दार वाजवते. घंटा झाली की त्या उघडतात. कुणाला सांगितलंस तर रात्रभर ठेवू म्हणतात. पण बाईंना सांगितलं तर बाई सोडवतील. मग बाई छान म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला वाजवायच्या नव्हत्या."

 वही तशीच उघडी टाकून बाई मैदानाच्या कडेला, संडासांच्या ओळीपाशी गेल्या. शेवटच्या दाराला बाहेरून कडी होती. वाऱ्याने आपटू नये म्हणून कधीतरी बसवलेली. त्यांनी दार उघडून पाहिलं. आतल्या बाजूला, खालच्या फळीवर, बुटांच्या टाचांचे काळे ओरखडे होते. एकावर एक, कितीतरी.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवायची पाळी त्यांचीच होती. तिथून हे दार चाळीस पावलांवर. त्या रोज तिथे उभ्या होत्या.

शाळा सुटल्यावर त्या पुटपुटीच्या घरी गेल्या. आई घरीच लोकांचे कपडे इस्त्री करायची. खोलीत टांगलेल्या शर्टांमधून वाट काढावी लागत होती. आईने बाईंना पाहिलं, बसा म्हणाली नाही, पाठ फिरवून इस्त्री करत बोलायला लागली. खांदे हलत होते, हात जोराने पुढे-मागे होत होता. ती तोडून बोलते आहे एवढं बाईंना कळलं. शब्द एकही नाही.

सवयीने ओठांवर आलंच होतं, हो, बरोबर आहे तुमचं. बाईंनी ते गिळलं.

"तुम्ही काय म्हणताय ते मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "मला आता फारसं ऐकूच येत नाही. तुमची मुलगी बोलली तेही ऐकू आलं नव्हतं."

नवरा आणि डॉक्टर सोडून हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आईने इस्त्री उभी करून ठेवली. बाईंच्या अगदी समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मग पोरीने सांगायचं कुणाला? शनिवारपासून ती अंथरूण ओलं करतेय. दार लावलं की किंचाळते. मला म्हणते, आई, बाईंना ते आवडलं."

बाईंनी हात जोडले. "मला तिच्याशी बोलू द्या. एकदाच."

मुलगी कपड्यांच्या गाठोड्यामागे बसली होती. बाई खाली फरशीवर बसल्या. "बाळा, मला ऐकू आलं नव्हतं गं. ऐकू आलं असतं तर मी धावत गेले असते." मुलीने गुडघ्यांत घातलेलं तोंड वर काढलं नाही. बाई पुन्हा म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या. आपला आवाज केवढा चढलाय हे त्यांना कळलं नाही. मुलीने दोन्ही कानांवर हात दाबले, तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. कडी त्याच दुपारी निघाली. सातवीच्या तीन मुलींच्या पालकांना बोलावलं गेलं. एकीची आई म्हणाली, पोरं आहेत, चालायचंच. मोठ्या बाईंनी तिला उभ्या उभ्या सुनावलं आणि मग तिसरीच्या बाईंकडे वळल्या. त्या रागावल्या नाहीत. "ऐकू येईनासं झालं तेव्हाच सांगायचं होतंत," एवढंच म्हणाल्या.

वर्ग दुसऱ्या बाईंकडे द्यायचं ठरलं. तो सोडायच्या दिवशी बाईंनी मुलांना खरं ते सांगितलं. वर्गात एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा म्हणून त्याला वकील म्हणायचे. त्याने हात वर केला आणि बाईंना दिसावं म्हणून तोंड मोठं उघडून विचारलं, "म्हणजे झाडू पण गंमत नव्हती?"

"नव्हती," बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

कार्यालयात त्यांना चित्रकलेच्या बाईंच्या शेजारचं टेबल मिळालं. यंत्र आता त्या रोज लावत. कपाटं खडखडत, शिक्के आदळत, सगळं सोसत. पुटपुटीच्या घरी त्या आणखी दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा आईने दारातूनच मान हलवून नाही म्हटलं. महिन्याभराने आईचा अर्ज आला. मुलीला दुसऱ्या शाळेत घालायचं होतं. दाखले लिहिण्याचं काम बाईंकडेच होतं.

त्यांनी मुलीची जन्मतारीख लिहिली, इयत्ता लिहिली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्याशी पेन थांबलं. तिथे सगळे लिहितात, पालकांची विनंती. बाईंनी लिहिलं, मुलीने मदत मागितली, वर्गशिक्षिकेने ऐकली नाही.

मोठ्या बाईंनी सही केली नाही. दाखला परत त्यांच्यापुढे ठेवला आणि सावकाश, तोंडासमोर तोंड आणून म्हणाल्या, "हा कागद पोरीबरोबर जाणार. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी तिला विचारतील, काय मदत मागितली होतीस? तुमचं मन मोकळं होईल. तिचं काय?"

बाईंनी कोरा दाखला घेतला आणि पुन्हा लिहिला. पालकांची विनंती. तारीख चुकली, म्हणून तोही बाजूला ठेवून तिसरा लिहिला.

आई दुपारी आली. मुलगी बरोबर नव्हती. आईने सही केली, दाखला पिशवीत घातला आणि वळून दाराकडे जाताना काहीतरी म्हणाली. बाई टेबलाला वळसा घालून लगबगीने तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"परत सांगता का? मला ऐकू आलं नाही."

आईने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "काही नाही. याची झेरॉक्स कुठे मिळेल, विचारत होते."

"फाटकातून बाहेर पडलं की उजव्या हाताला," बाई म्हणाल्या. आई गेली. बाई जागेवर येऊन बसल्या, आणि वाया गेलेले दोन्ही दाखले त्यांनी फाडून टाकले.