नाळ पडली त्या दुपारी

बाथरूमच्या दाराखालून पाणी बाहेर येत होतं आणि ते लाल होतं. मी बाजारातून अळीव घेऊन नुकतीच घरात शिरले होते. हाक मारली. आतून लेकीचा आवाज आला, "आई, कडी निघत नाही गं." कडीला काही झालं नव्हतं. तिच्या हातातच जोर राहिला नव्हता. मी खांद्याने धक्का दिला तशी कडी उखडून आली.

लेक बादलीला टेकून लादीवर बसली होती. ओठांचा रंग गेला होता. बादलीत भिजलेल्या कपड्यांचा ढीग. बाळंत होऊन आठवडा होत आला होता तिला.

"कधीपासून?"

"कालपासून. आत्या म्हणाली, जाऊ दे."

तिची आत्या, म्हणजे माझी नणंद, बाळंतपणाला गावाहून आली होती. ती मागेच उभी होती, माझ्या नातीला खांद्यावर घेऊन. "वयनी, आरडा नको," ती म्हणाली. "बाळंतिणीचा वायट रगात ता. भायर पडाकच व्हया."

ती मुद्दाम वाईट करणारी बाई नाही. आमच्याकडे सगळ्या हेच म्हणतात. मलाही माझ्या बाळंतपणात हेच सांगितलं होतं. पण माझ्या लेकीचं रक्त इतरांसारखं नाही. तिला लागलं की रक्त गोठतं, खपली धरते, सगळं ठीक वाटतं, आणि एक-दोन दिवसांनी खपली आतून सुटते, रक्त पुन्हा वाहायला लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, विटा रचल्या पण मध्ये सिमेंट नाही, तसं आहे हे. नवरा माझा सख्खा आतेभाऊ. आम्हा दोघांत अर्धी अर्धी खोट होती. आम्हाला काही झालं नाही, मुलांना पुरी मिळाली.

पहिला मुलगा गावी झाला. नाळ पडल्यावर त्याच्या बेंबीतून रक्त झिरपायला लागलं. हळद लावली, अंगारा लावला. गेला. लेकीची बेंबीही तशीच वाहिली, पण तोवर आम्ही मुंबईत होतो. दवाखान्यात रक्त चढवलं म्हणून ती राहिली.

लग्नानंतर तिचे दोन गर्भ पडले. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीपासूनच महिन्याच्या महिन्याला रक्तातला पिवळा भाग चढवायला घेतला. पिशव्या तयार ठेवून बाळंतपण केलं, ते नीट पार पडलं. घरी सोडताना त्यांनी मला बजावलं: मालीश नको, दुकानातली दुखण्यावरची गोळी नको, आणि रक्त जास्त जायला लागलं तर तडक आणा, कपडेही आणा, किती गेलं ते कळतं. नणंदेला मी सगळं सांगितलं. मालीश आणि गोळीचं तिने ऐकलं. रक्ताचं तिला पटलं नाही. ते अडवायचं म्हणजे पोटात विष ठेवायचं, असं ती धरून होती. लेकीनेही तिचंच ऐकलं आणि माझ्यापासून लपवलं, कारण तिला पुन्हा सुई नको होती.

नणंद बाळाला खाली ठेवून बादलीतले कपडे धुवायला वाकली.

"वन्सं, हात लावू नका!"

मी सगळे कपडे तसेच पिशवीत कोंबले. शेजारणींनी लेकीला खाली उतरवलं. रिक्षावाला बघून म्हणाला, "सीट खराब होगी."

"तेरी सीट मैं धोएगी. चल."

कांजूरचा सिग्नल सुटता सुटेना. लेकीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. "आई, झोप येतेय."

"झोपलीस तर थोबाड फोडीन. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"आत्याला शिव्या दे."

तिने एक दिली, चांगली सणसणीत. मग गप्प झाली. मी तिचे गाल थोपटत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कपड्यांची पिशवी उघडून बघितली आणि लगेच रक्तपेढीला फोन लावला. ते पिवळं रक्त बर्फासारखं गोठवलेलं असतं. कोमट पाण्यात ठेवून सुटेपर्यंत थांबावंच लागतं. लेक आत वाहतेय, आणि मी बाकावर बसून बर्फ वितळायची वाट बघतेय.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "वयनी, बाळाची नाळ पडली."

नातीलाही तीच खोट आहे का, तो रक्ताचा रिपोर्ट अजून आला नव्हता. मी बाकावरून उठले.

"रगात?"

"नाय."

"उजेडात न्या. कापूस लावून बघा."

खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सुकी आसा गो." आणि थोड्या वेळाने, "चेडू कसा आसा?" लेकीचं विचारत होती ती.

"माहीत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

नर्स पिवळी पिशवी घेऊन आत गेली. पाठोपाठ लाल. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "थांबलं नाही तर गर्भाशय काढावं लागेल."

"काढा. आधी ती."

त्या आत गेल्या. मी देवाचं नाव घेतलं नाही. मुलाच्या वेळी भरपूर घेतलं होतं. मी फक्त त्या दाराकडे बघत होते.

दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबलंय." मला हुश्श झालं नाही. या रोगात थांबलं म्हणजे थांबलं असं नसतं. ती दवाखान्यात होती तेवढे दिवस मी रोज तिची चादर उचलून बघत होते. ती वैतागायची. "आई, पुरे आता." मी तरी बघायचे.

नातीचा रिपोर्ट आला. तिच्यात अर्धीच खोट आहे, माझ्यासारखी.

मुलगा गेला होता. मुलगी जगली, तिचं गर्भाशयही राहिलं. नात जगली.