चूक टेन्शनरची नव्हती

सिंदेवाहीत मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट मी घरीच बदलायला काढला. त्या कामात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी दुसऱ्याच्या माथी मारली. चूक दुरुस्त व्हायला पंधरा दिवस लागले. दुसऱ्या गोष्टीचं अजून पुरतं काही जमलेलं नाही.

गाडी मी जुनीच घेतलेली. पहिल्या दिवसापासून तिचं सगळं काम मूल रोडवरच्या गॅरेजातले चाचा बघत. चाचा साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे, कानावर नेहमी पेन्सिल. गावातले सगळे त्यांना चाचाच म्हणतात. बॉनेट उघडायच्या आधी ते गाडी चालू करायला सांगत आणि डोळे मिटून नुसतं ऐकत उभे राहत. आदल्या वर्षी बेल्ट ताणून धरणारी चकती, म्हणजे टेन्शनर, आवाज करत होता तेव्हा तो त्यांनीच नवा बसवला. त्याच वेळी म्हणाले होते, "सर, पट्टा अजून साल-दीड साल चालंल. पुढच्या दिवाळीनंतर आना, बदलून टाकू."

मग मी गेलो का नाही? कारण सांगायलाही लाज वाटते. त्या दिवाळीच्या थोडे दिवस आधी मी गॅरेजात हेडलाइटचा दिवा स्वतः बदलायला गेलो आणि काच फोडली. चाचा हसले. "सर, तुमी फळ्यावर शिकवा. हे तुमचं काम नोहे." शेजारी आमच्याच कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर उभे होते, तेही हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण ते हसणं माझ्या मनात राहून गेलं. मी रोज मुलांना चाकं, दाते, बल शिकवतो, आणि एक पट्टा बदलता येणार नाही? मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, नागपूरहून नवा बेल्ट मागवला, आणि भाऊबीज झाल्यावर एका सकाळी अंगणात गाडीखाली जॅक लावला.

बायको धान वाळवायला टाकत होती. तिनं विचारलं, "चाचाले नाई बोलवलं?"

"काही गरज नाही," मी म्हणालो.

टायमिंग बेल्ट म्हणजे रबराचा दातेरी पट्टा. इंजिनात खालचं एक चाक पिस्टन वरखाली करतं, वरचं चाक वाल, म्हणजे हवेच्या झडपा, उघडतं आणि मिटतं. या दोन चाकांची वेळ जुळवून ठेवायचं काम या पट्ट्याचं. वेळ चुकली की पिस्टन वर येतो तेव्हा वाल अजून उघडाच असतो, आणि दोघं एकमेकांवर आदळतात. म्हणून जुना पट्टा काढायच्या आधी दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवून घ्यायच्या असतात. मी त्या जुळवल्या. नीट दिसाव्या म्हणून त्यांच्यावर वहीत वापरतो ते व्हाइटनर लावलं. मला फार बरं वाटलं. दुपारपर्यंत गाडीचं पुढचं चाक निघालं, पुली निघाली, कव्हर निघालं, जुना पट्टा हातात आला. पट्टा सुटला तसं वरचं चाक आपोआप थोडं सरकलं. तसं होतं हे व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून मी घाबरलो नाही.

पण माझी स्वच्छतेची सवय आडवी आली. चाकांवर जुनं तेल आणि काळा चिखल साचला होता. मी पेट्रोलात फडकं बुडवून दोन्ही चाकं चकाचक पुसली. पुसून झाल्यावर पाहिलं, तर वरच्या चाकावरचं व्हाइटनरही गेलं होतं. त्या चाकाच्या कडेला कारखान्यातच पाडलेल्या दोन-तीन बारीक रेषा होत्या. त्यातली आपली कोणती, हे आठवेना.

बायको चहा घेऊन आली होती. "फोटो काढला होता काय?" तिनं विचारलं.

काढला नव्हता. "मला माहीत आहे," मी म्हणालो, आणि त्यातल्या एका रेषेवर पुन्हा पांढरा ठिपका दिला. ती ठिपक्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

नवा पट्टा चढवला. गाडी चालू करायच्या आधी पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, असं प्रत्येक व्हिडिओत बजावलं होतं. मी फिरवलं. पाऊण फेरा झाला आणि पाना एकदम अडला. भिंतीला लागावा तसा. मी थोडा मागे घेतला, पुन्हा पुढे नेला, पुन्हा तिथंच अडला. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण ऊन उतरत आलं होतं, दिवसभर वाकून पाठ धरली होती, आणि सगळं पुन्हा खोलायचं नव्हतं. मी मनाची समजूत घातली की डिझेल इंजिन आहे, सिलिंडरमधली हवा दाबली जाते आहे, तिचा दाब लागतो आहे. वायूचा दाब हा धडा मी पंधरा वर्षं शिकवतो आहे. कव्हर लावलं, चाक लावलं, आत बसलो आणि किल्ली फिरवली.

लोखंडी डब्यात कुणी मूठभर नटबोल्ट टाकून हलवावेत तसा आवाज झाला, आणि इंजिन गप्प झालं. पुन्हा किल्ली फिरवायची माझी हिंमत झाली नाही.

आवाज ऐकून शेजारून केमिस्ट्रीचे सर फाटकापाशी आले. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच आहे. "काय झालं जी?" त्यांनी विचारलं.

माझे हात काळे, शर्टाला ग्रीस, अंगणभर पाने पसरलेले. हेडलाइटच्या वेळी हसलं होतं, तेच तोंड समोर होतं. मी म्हणालो, "माझं काम बरोबर होतं. चाचांनी मागच्या वर्षी टाकलेला टेन्शनरच खराब निघाला. ढिला पडला आणि पट्टा सरकला."

इतकं सहज बोललो की बोलून झाल्यावर मलाच नवल वाटलं. ओट्यावर धान गोळा करत बसलेल्या बायकोनं हे ऐकलं. 

तिसऱ्या दिवशी चाचा स्वतः घरी आले. मी बोलावलं नव्हतं; केमिस्ट्रीच्या सरांकडून त्यांच्या कानावर गेलं होतं. सायकल फाटकाला टेकवली, चपला बाहेर काढल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसले. मी खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"सर, टेन्शनर माझ्या हातचा होता," ते म्हणाले. "खराब निघाला असंल तं जिम्मेदारी माझी. मी गाडी घेऊन जातो. माफी असावी."

मला त्यांना तिथंच खरं सांगता आलं असतं. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "नाही हो चाचा, चालायचंच." म्हणजे मी त्यांना माफ केलं! हे वाक्य आठवलं की आजही मी वर्गात शिकवता शिकवता क्षणभर थांबतो. मुलांना वाटतं, सर पुढचं सूत्र आठवून राहिले.

गाडी ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात नेली. माझ्यासोबत केमिस्ट्रीचे सरही आले, मदत म्हणून. चाचांनी कव्हर काढलं. आधी टेन्शनरला बोट लावून फिरवला. तो आवाज न करता गरगर फिरला. त्यांनी दुसऱ्यांदा फिरवला. मग चष्मा वर सरकवून ते खाली वाकले. वरच्या चाकावर माझा पांढरा ठिपका लख्ख दिसत होता. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या टोकानं ठिपक्यापासून खऱ्या खुणेपर्यंतचे दाते मोजले. मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलले. तीन.

त्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सरांकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. मी नजर खाली घातली.

"टेन्शनरच होता," चाचा म्हणाले. "ढिला झाला. गलती माझीच."

"तुम्ही म्हटलं होतं ना!" सर मला म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. एक अक्षर नाही. गॅरेजच्या बाहेर येऊन रिकाम्या टपरीसमोर उभा राहिलो आणि माझे कान गरम झालेले मला कळत होते. लहानपणी चोरी पकडली गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान पकडला तरी गेलो होतो.

इंजिनाचं हेड, म्हणजे वालांचा वरचा भाग, काढून चंद्रपूरला पाठवावं लागलं. वाल वाकले होते. चाचांनी सगळं बसवून पंधराव्या दिवशी गाडी आणून दिली. चावी हातात देताना त्या ठिपक्याचा उल्लेखही केला नाही. एवढंच म्हणाले, "आता चांगली आहे. मी ऐकली."

पण गोष्ट तिथं थांबली नाही. केमिस्ट्रीच्या सरांनी ती स्टाफरूममध्ये सांगितली. त्यात खोटं त्यांनी काहीच घातलं नव्हतं. चाचा स्वतःच्या तोंडानं बोलले होते. "चाचाचा हात आता राहिला नाही. नजरही गेली," सर म्हणाले. त्या हिवाळ्यात आमच्यातल्या तिघांनी आपल्या गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मी तिथंच बसलेला असायचो. कुणी मला विचारलं, "काय सर, खरं ना?" तर मी पेपर तपासत मान हलवायचो.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "आज बाजारात चाचा भेटले. तुमची तब्येत विचारत होते." मग वाढता वाढता थांबून म्हणाली, "तुमी त्याईले कधी सांगान?"

"काय?"

"मले काऊन विचारता? तो ठिपका तुमी दुसऱ्यांदा लावला तेव्हा मी उभीच होती."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. चूक माझी होती, टेन्शनर चांगला होता, मी खूण पुसली आणि अंदाजानं लावली.  कुणीतरी ओरडेल, हसेल असं वाटलं होतं.

केमिस्ट्रीचे सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या सर. माझ्यासमोर चाचा कबूल झाले. म्हाताऱ्या माणसाचं नाव जाऊ नये म्हणून तुम्ही अंगावर घेऊन राहिले. तुमचं मन मोठं आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला.

तो चहा मी प्यालो. काय करायला हवं होतं, अजून कळत नाही.

संध्याकाळी गॅरेजात गेलो. चाचा एकटेच होते, लाकडाच्या भुशानं हातांचं ग्रीस चोळून काढत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि म्हणालो, "तुम्ही एकदा सरांना खरं सांगा. माझं कुणी ऐकत नाही."

चाचांनी हातावरचा भुसा झटकला. "मी कसा सांगू, सर? त्याईच्यासमोर मी एक बोललो. आता दुसरं बोललो तं मी झूठा. मिस्त्रीची गलती होते, लोक समजून घेतात. मिस्त्री झूठ बोलला तं त्याच्याकडं गाडी कोण देईन?"

"मग तेव्हा का बोललात?"

"तुमी खाली पाहून राह्यले होते," ते म्हणाले. "मले पाहवलं नाई." मग माझ्याकडे न बघता बोलले, "पाना अडला होता ना? दाब असला तं हळूहळू सुटते, सर. वाल लागला तं आडते. ते हाताले समजते. तुमच्याही हाताले समजलं असंल."

समजलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. एवढं एक त्या दिवशी मी खरं आणि वेळेवर बोललो.

पुढच्या रविवारी मी केमिस्ट्रीच्या सरांच्या घरी गेलो. कागद घेऊन. त्यावर दोन्ही चाकं रेखाटली, खुणा दाखवल्या, माझा ठिपका दाखवला. समजावून सांगितलं की टेन्शनर ढिला पडून पट्टा सरकला असता, तर माझा ठिपका खऱ्या खुणेवर राहिला असता आणि पट्टा सरकलेला दिसला असता. इथं ठिपकाच तीन दाते चुकीच्या जागी होता, आणि तो हातानं लावल्याशिवाय तिथं येत नाही. शास्त्राचा माणूस आहे, त्यांना लगेच कळलं. त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी गॅरेजात तुम्ही माझ्या बाजूलाच उभे होते."

"हो."

"आणि काहीच बोलले नाही."

"नाही."

त्यांनी कागदाची घडी केली आणि मला परत दिली. चहाचं विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची गाडी चाचांच्या दारात उभी दिसली. बाकीच्या दोघांनाही त्यांनी सांगितलं असावं. एक परत आला, एक नाही आला. माझ्याशी ते बोलतात, कामापुरतं. कुंपणावरून पूर्वी वांगी, वालाच्या शेंगा यायच्या, त्या आता येत नाहीत. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

गाडी चालते आहे. सर्व्हिसिंगला मी चाचांकडेच जातो. ते बॉनेटवर हात ठेवून ऐकतात आणि मी शेजारी उभा असतो. त्यांच्याशी बोलताना माझा आवाज अजूनही आपोआप खाली जातो. त्यांच्या ते लक्षात येतं, आणि मग ते मुद्दाम विचारतात की यंदा आमच्याकडे धान कसं झालं. मी सांगतो. ते शेवटपर्यंत ऐकून घेतात.