बाथरूममधलं दाढीचं सामान

इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, आमच्या खालच्या मजल्यावर घानाची एक मुलगी राहते. मला आंटी म्हणते. तिचा माणूस गाड्यांच्या कारखान्यात, आणि बाळ तेव्हा जेमतेम मान धरायला लागलेलं. लग्नाचं म्हणाल तर तिकडे गावी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी बसून, दारूच्या बाटल्या आणि कापडं देऊन-घेऊन रीतसर लावलेलं. हे दोघं इथून व्हिडिओवर हजर. झालंच की मग! पण स्टांडेसआम्टला, म्हणजे लग्न नोंदवायच्या सरकारी कचेरीला, घानाहून कागद हवेत, आणि त्या नोंदणीशिवाय इथलं त्यांचं चर्च लग्न लावेना. तोवर म्हणे हे दोघं पापात राहतात. म्हणून बाळाचा बाप्तिस्मा अडवून ठेवलेला. पोरीच्या जिवाला घोर, बाप्तिस्म्याआधी बाळाला काही झालं तर?

एका शनिवारी मी तिच्याकडे बाळाला तेल लावत बसले होते, तर पास्टरची बायको आली. तिला चर्चमधले सगळे मम्मी म्हणतात. डोक्याला भरजरी फडकं, हातात केक. आल्या आल्या दारातले बूट न्याहाळले आणि थेट बाथरूममध्ये शिरली हो! दाढीचं सामान घेऊनच बाहेर आली.

"हे कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं, मम्मी."

"नवरा? कुठल्या चर्चमध्ये झालं लग्न?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "अहो बाई, बाळ काय पोस्टाने आलंय? त्याच्या बापाने दाढी करायची कुठे?"

"आंटी, तुम्ही हिंदू," मम्मी म्हणाली. "हे आमच्या घरातलं आहे."

"आल्झो, मग घरातल्यासारखं वागा. तो माणूस दर रविवारी तुमच्या चर्चमध्ये ढोल बडवतो, ते बरं चालतं?"

"पुरुषांचं पास्टर बघतील."

गेनाऊ, अगदी बरोबर! त्यांचं बघणं मी बघितलंय.

मला वाटलं, आता पोर बाईला दार दाखवणार. तर तिने माझाच हात दाबला. "आंटी, गप्प बसा ना." मग वळून म्हणाली, "मम्मी, तो लग्न होईपर्यंत मित्राकडे राहील. बाप्तिस्मा कधी करायचा?"

तेव्हा कुठे बाई खुर्चीवर टेकली आणि केक कापायला घेतला.

त्याच आठवड्यात तो बॅग घेऊन गेला. बाप्तिस्मा झाला, थाटात झाला म्हणे. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी गेले नाही. कागद अजून आलेले नाहीत, तो अजून मित्राकडेच, आणि पोर बाळाची गाडी एकटीच जिन्यावरून ओढते. माझ्यावर रुसली आहे. असू दे, मीही रुसलेय.